प्लीहेतली गाठ काढल्याशिवाय ओळखता येत नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीचं वय ४४. पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला केलेल्या सोनोग्राफीत प्लीहेत, म्हणजे स्प्लीनमध्ये, साडेचार सेंटिमीटरची एकच गाठ दिसली. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘रक्तवाहिन्यांची गाठ, हेमँजिओमा, हॅमार्टोमा किंवा सॅन्ट असू शकेल, अँजिओसार्कोमा नाकारता येत नाही.’ (यातला अँजिओसार्कोमा हा कॅन्सर, बाकीच्या तिन्ही गाठी सौम्य.) रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित आहेत. सर्जन म्हणतात प्लीहा काढून टाका, फिजिशियन म्हणतात सहा महिने थांबा, आणि बायोप्सीचा विषय काढला की दोघंही नको म्हणतात. मग काढल्याशिवाय गाठ कसली आहे हे कळतच नाही का, असं तुम्ही विचारलंय.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे काढलेली प्लीहा शेवटी ज्यांच्या टेबलावर येते त्यांच्यापैकी एक. माझ्या बाजूनं बघितलं तर तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. गाठीचं नाव काय, हा एक. आणि ती घातक आहे का, हा दुसरा. नावाचं पक्कं उत्तर या अवयवात पुष्कळदा मायक्रोस्कोपखालीच मिळतं, हे खरं आहे. पण घातक आहे की नाही, याचं बऱ्यापैकी भरवशाचं उत्तर सुईही न टोचता मिळू शकतं. ऑपरेशन करायचं की थांबायचं हे ठरतं ते या दुसऱ्या उत्तरावर. नाव कळावं एवढ्यासाठी चांगली चालणारी प्लीहा काढणं मला पटत नाही. आणि नाव कळलेलं नाही म्हणून घाबरून जाण्याचंही कारण नाही.

बहिणीचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे. तिला आधी कधी कुठलाही कॅन्सर झाला होता का? वजन घटणं, बारीक ताप, रात्री घाम येणं, डाव्या बरगडीखाली दुखणं यातलं काही आहे का? हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स आज ठीक आहेत, पण वर्षभरापूर्वी किती होत्या? आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, पोटाचा एखादा जुना स्कॅन कुठे पडलेला आहे का? मूतखड्यासाठी, बाळंतपणाच्या आसपास, अपघातानंतर, कशासाठीही केलेला चालेल. तीन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये हीच गाठ याच मापाची दिसली, तर निम्मी चर्चा तिथेच संपते. रिपोर्टचा कागद पुरत नाही, चित्रं हवीत. कारण त्या वेळी कोणी प्लीहेकडे लक्ष देऊन पाहिलं नसेल. लोक नव्या तपासण्यांवर खर्च करतात आणि जुनी सीडी कपाटात राहते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला प्रश्न हाच विचारते.

आता प्लीहेत हे काम इतकं अवघड का होतं ते सांगते. यकृतातला हेमँजिओमा रेडिओलॉजिस्ट अनेकदा एका नजरेत ओळखतात. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध, आधी कडेला ठिपक्यांसारखा भरतो आणि हळूहळू मध्यापर्यंत जातो. प्लीहेत हा खेळ नेहमी दिसत नाही, कारण प्लीहा स्वतःच रक्तानं भिजलेल्या स्पंजसारखी आहे. तिचा मोठा भाग, ज्याला रेड पल्प म्हणतात, तो पातळ भिंतींच्या रक्तपोकळ्यांचाच बनलेला असतो. म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अवयवात रक्तवाहिन्यांची गाठ शोधायची. त्यात सीटीमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर पहिल्या काही सेकंदांत निरोगी प्लीहासुद्धा पट्ट्यापट्ट्यांची दिसते, कारण रक्त तिच्यातून वेगवेगळ्या वेगानं फिरतं. साधारण ७० सेकंदांनंतरच्या चित्रांत ती एकसारखी होते. फक्त सुरुवातीच्या फेजवर गाठ आहे असं म्हटलं असेल, तर ते पुन्हा तपासायला हवं. तुमच्या बहिणीची गाठ सोनोग्राफीतही दिसली आहे, त्यामुळे ती शंका इथे नाही.

संभाव्य नावांतली पहिली दोन लवकर उरकते. हेमँजिओमा ही प्लीहेची सर्वांत जास्त आढळणारी सौम्य गाठ. बहुतेक वेळा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, काही त्रास न देणारी, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडणारी. एमआरआयच्या टी-टू या प्रकारच्या चित्रांत ती सहसा उजळ दिसते. हॅमार्टोमा म्हणजे प्लीहेच्याच रेड पल्पचा, रचना थोडी विस्कटलेला गोळा. कॉन्ट्रास्टशिवाय केलेल्या सीटीत तो आजूबाजूच्या प्लीहेत इतका मिसळून जातो की कधीकधी फक्त कडेला आलेल्या फुगवट्यावरून त्याचा सुगावा लागतो. दोन्ही सौम्य.

सॅन्टवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण एकच गाठ, मध्यम वय, स्त्री, त्रास काही नाही आणि रक्त व्यवस्थित, हे वर्णन त्याच्याशी चांगलं जुळतं. पूर्ण नाव स्क्लेरोझिंग अँजिओमॅटॉइड नोड्युलर ट्रान्सफॉर्मेशन. २००४ साली मार्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला स्वतंत्र ओळख दिली. त्याआधी अशा गाठी वेगवेगळ्या नावांखाली जमा होत होत्या. कापून पाहिली तर मध्ये पांढरट, चिवट, ताऱ्यासारखा व्रण दिसतो आणि त्याभोवती लालसर-तपकिरी गाठोळ्या असतात. या रचनेचंच प्रतिबिंब स्कॅनवर उमटतं. कॉन्ट्रास्ट कडेकडून आत येताना चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसतात, मधला व्रण उशिरा भरतो, आणि जुन्या रक्तस्रावातलं लोह साठल्यामुळे टी-टू चित्रांत गाठ काळपट दिसते. हे सगळं एकत्र जुळलं तर अनुभवी रेडिओलॉजिस्ट पुष्कळ खात्रीनं सॅन्ट म्हणू शकतात. ती सौम्य असते आणि तिच्यातून कॅन्सर होत नाही. गंमत अशी की आपण जिला ‘ट्यूमर’ म्हणतो आहोत, ती खऱ्या अर्थानं ट्यूमर आहे की शरीराची एखाद्या इजेवरची प्रतिक्रिया, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

लिटोरल सेल अँजिओमाचं नाव तुमच्या रिपोर्टमध्ये नाही, आणि ते बरोबरच आहे. ही गाठ प्लीहेखेरीज कुठेही होत नाही, कारण ज्या पेशींपासून ती बनते त्या रेड पल्पच्या पोकळ्यांना आतून अस्तर लावणाऱ्या पेशी प्लीहेतच असतात. फाल्क आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली तिचं वर्णन केलं. ती सहसा एकटी नसते. मोठी झालेली प्लीहा, तिच्यात लहानमोठ्या अनेक गाठी, प्लेटलेट्स किंवा हिमोग्लोबिन उतरलेलं, असं तिचं चित्र असतं. गाठ बहुधा सौम्य, पण तिच्यासोबत त्याच रुग्णात दुसरीकडे कॅन्सर किंवा प्रतिकारशक्तीचा विकार सापडल्याच्या नोंदी इतक्या आहेत की मी असा रिपोर्ट देते तेव्हा खाली एक ओळ हमखास लिहिते: रुग्णाची बाकी तपासणी करून घ्यावी, आतड्यांसकट.

आता अँजिओसार्कोमा. त्या एका शब्दानं तुमची झोप उडाली असणार. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा हा कॅन्सर अतिशय आक्रमक आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. निदान होईपर्यंत तो अनेकदा यकृत, फुफ्फुसं किंवा हाडांपर्यंत गेलेला असतो, आणि प्लीहा आपोआप फुटून पोटात रक्तस्राव होणं हीच काहींच्या बाबतीत आजाराची पहिली खूण ठरते. पण तो किती दुर्मीळ आहे तेही बघा: वर्षाला दर १० लाख लोकांमागे एकापेक्षाही कमी. शिवाय तो सहसा असा गुपचूप बसत नाही. प्लीहा वाढलेली असते, आत कॉन्ट्रास्ट वेडावाकडा भरणाऱ्या, मध्येच सडलेल्या किंवा रक्त साकळलेल्या अनेक गाठी असतात. रुग्ण थकलेला असतो, वजन उतरलेलं असतं, रक्त कमी, प्लेटलेट्स कमी, कधी रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडलेली. रक्ताच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या थेंबात, तुटक्या तांबड्या पेशी दिसल्या की मी स्वतः फोन उचलते. तुमच्या वर्णनातलं बहिणीचं चित्र यापासून बरंच दूर आहे.

मग रिपोर्टमध्ये ते नाव आलं कशाला? रेडिओलॉजिस्टला दिसते ती छाया. पेशी दिसत नाहीत. सौम्य वाटणाऱ्या छायेच्या यादीत शेवटी घातक शक्यतेची नोंद करणं ही त्यांची जबाबदारी आहे. या वाक्याचा अर्थ एवढाच, की या एका तपासणीवर ते शंभर टक्के हमी देत नाहीत. पण त्या शक्यतेला किती वजन द्यायचं, हे त्या वाक्यात नाही. ते विचारावं लागतं, आणि समोर बसून विचारलं तर बहुतेक रेडिओलॉजिस्ट मोकळेपणानं सांगतात. माझ्या मते या आजारात पहिली भेट सर्जनची नसावी, चित्रं वाचणाऱ्या माणसाची असावी.

रक्तवाहिन्यांच्या गाठींखेरीजही प्लीहेत गाठी होतात, हे या यादीच्या नादात विसरायला नको. लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), दुसरीकडच्या कॅन्सरचा फैलाव, क्षयरोग, सार्कॉइडोसिस, पू, रक्तपुरवठा तुटल्यानं मेलेला भाग, साधं सिस्ट. म्हणूनच मी आधी जुन्या कॅन्सरबद्दल आणि तापाबद्दल विचारलं. बहिणीला आधी स्तनाचा कॅन्सर किंवा मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर होऊन गेला असता, तर माझं सगळं उत्तर वेगळं झालं असतं.

पुढची तपासणी कोणती? फक्त सीटी झाला असेल तर कॉन्ट्रास्टसह एमआरआय, ज्यात कॉन्ट्रास्ट दिल्यावर वेगवेगळ्या वेळी, काही मिनिटांनंतरसुद्धा, चित्रं घेतली जातात. वर सांगितलेली टी-टूची चमक किंवा काळेपणा आणि उशिरा भरणं, हे दोन्ही तिथेच दिसतं. सूक्ष्म बुडबुड्यांचा कॉन्ट्रास्ट वापरून केलेली सोनोग्राफी काही केंद्रांत उत्तम होते. त्यात चटकन काळी पडणारी गाठ संशय वाढवते, पण नुसत्या त्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही. पेट स्कॅनबद्दल माझं मत थोडं कडू आहे. लिम्फोमाचा संशय असेल किंवा शरीरात दुसरीकडे काही आहे का हे शोधायचं असेल तर तो जरूर करावा. पण सॅन्टसारखी सौम्य गाठसुद्धा त्यात थोडी चमकू शकते, आणि मग त्या चमकेवरून आणखी चार तपासण्या सुरू होतात.

बायोप्सीला दोघं नको का म्हणाले असतील? प्लीहेला सुई लावायचीच नाही, हा जुना दंडक आता तितकासा खरा राहिलेला नाही. प्रसिद्ध झालेले अभ्यास एकत्र पाहिले तर १८ गेज (सुईच्या जाडीचं माप) किंवा त्याहून बारीक सुईनं, स्कॅनवर बघत केलेल्या बायोप्सीत मोठी गुंतागुंत साधारण शंभरात एक-दोघांना होते. पण ही आकडेवारी मुख्यत्वे लिम्फोमा आणि फैलावलेल्या कॅन्सरच्या गाठींची आहे. ज्या गाठीत रक्तच भरलेलं आहे तिथे तोच आकडा लावणं धाडसाचं ठरेल. रक्तस्रावापेक्षाही मला खुपतं ते दुसरंच. सुईच्या टोकात येतो तो एक-दोन सेंटिमीटर लांबीचा, सुतासारखा तुकडा. अँजिओसार्कोमाचे काही भाग इतके सुबक असतात की साध्या हेमँजिओमासारखे दिसतात. बाजूलाच खरा कॅन्सर असतो. त्या तुकड्यावर ‘सौम्य’ असं लिहिलं तरी गाठीतला बाकीचा भाग न पाहिलेलाच राहतो. सॅन्टची ओळख तर गाठोळ्या आणि व्रण यांच्या एकूण मांडणीवरूनच पटते, ती सुतभर तुकड्यात मावत नाही. मग उत्तर येतं, ‘रक्तवाहिन्यांची वाढ, अधिक सांगता येत नाही.’ हे तर आधीच माहीत होतं! त्यामुळे लिम्फोमा, क्षयरोग किंवा जुन्या कॅन्सरचा फैलाव असा संशय असेल, अथवा रुग्णाला ऑपरेशन झेपणार नसेल, तर बायोप्सी करावी. यकृतातही गाठ असेल तर तिथूनच तुकडा घेता येतो. पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत मीही दोघांच्याच बाजूची.

समजा, काढायचं ठरलंच, तर एक गोष्ट सर्जनशी आधीच बोलून घ्या, ऑपरेशनच्या दिवशी नव्हे. दुर्बिणीनं प्लीहा काढताना ती पिशवीत घालून आतच कुस्करून लहान छिद्रातून बाहेर काढण्याची पद्धत आहे. रक्ताच्या काही आजारांत ते चालतं. इथे नको. निदानासाठी काढलेली प्लीहा कुस्करली तर ज्यासाठी ऑपरेशन केलं तेच हातचं जातं, आणि गाठ घातक निघाली तर पेशी पोटात सांडण्याचा धोका वेगळाच. छेद थोडा मोठा घ्यावा लागला तरी चालेल, पण प्लीहा अखंड बाहेर यायला हवी.

ती लॅबमध्ये ताजी आणि लवकर यावी, ही माझी दुसरी मागणी. फॉर्मालिन ऊतीत ताशी जेमतेम एक मिलिमीटर शिरतं. रक्तानं भरलेली अख्खी प्लीहा तशीच बरणीत बुडवून रात्रभर ठेवली तर सकाळी बाहेरचा थर टिकलेला आणि आतला भाग कुजायला लागलेला मिळतो. म्हणून आम्ही ती ब्रेडच्या कापांइतकी पातळ कापून मग फॉर्मालिनमध्ये ठेवतो, फोटो काढतो, आणि गाठीच्या प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या भागातून तुकडे घेतो. पांढरट घट्ट भाग, रक्त साकळलेला भाग, कडा, मध्य, आणि गाठीपासून दूरची चांगली प्लीहाही.

त्यानंतर येतात इम्युनो स्टेन, म्हणजे पेशींवरची विशिष्ट प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या. सीडी ३१ आणि ईआरजी रंगले तर पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या आहेत एवढं कळतं. खरी मदत होते ती सीडी ३४ आणि सीडी ८ यांच्या जोडीची. सीडी ८ हा एरवी एका प्रकारच्या लिम्फोसाइटचा मार्कर, पण प्लीहेच्या पोकळ्यांचं अस्तरही त्यानं रंगतं, दुसरीकडच्या रक्तवाहिन्या नाही. हॅमार्टोमा हा प्लीहेच्याच ऊतीचा असल्यामुळे त्यात सीडी ८ रंगतो. लिटोरल सेल अँजिओमामध्ये सीडी ३४ आणि सीडी ८ दोन्ही कोरे राहतात, आणि सीडी ६८ व सीडी २१ रंगतात. तिच्या पेशी थोड्या रक्तवाहिनीच्या, थोड्या भक्षकपेशीच्या वळणाच्या असतात. सॅन्टच्या गाठोळ्यांत तीन प्रकारच्या रक्तवाहिन्या शेजारी शेजारी सापडतात: सीडी ३४ रंगणाऱ्या केशवाहिन्या, सीडी ८ रंगणाऱ्या पोकळ्या, आणि दोन्ही न रंगणाऱ्या बारीक शिरा. अँजिओसार्कोमा ओळखायला मात्र स्टेनपेक्षा डोळेच जास्त लागतात: वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी, विभाजनं, एकमेकांत शिरणाऱ्या अनियमित पोकळ्या. केआय ६७ हा वाढीचा वेग दाखवणारा स्टेन त्याला दुजोरा देतो. या गाठी इतक्या विरळ आहेत की एखाद्या पॅथॉलॉजिस्टला कामाच्या उभ्या आयुष्यात मोजक्याच भेटतात. म्हणून ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड दुसऱ्या जाणकाराला दाखवायला मागण्यात संकोच करू नका. मीही माझ्या अशा केसेस दाखवते, त्यात कमीपणा नाही.

तर तुमच्या बहिणीचं काय करावं? जुनी चित्रं शोधा, एमआरआय करून घ्या, आणि सीटी व एमआरआय एकाच रेडिओलॉजिस्टनं शेजारी ठेवून वाचू द्या. चित्र सौम्य बाजूला झुकलं, रक्त तसंच चांगलं राहिलं आणि तिला काही त्रास नसला, तर सहा महिन्यांनी आणि पुन्हा बारा महिन्यांनी स्कॅन करून माप बघणं हा मान्य आणि शहाणपणाचा मार्ग आहे. तो फिजिशियननी सांगितलेलाच. सर्जनचंही म्हणणं अगदीच अवाजवी नाही. साडेचार सेंटिमीटर म्हणजे लहान गाठ नव्हे, आणि मोठी रक्तवाहिन्यांची गाठ फुटण्याची धास्ती त्यांना असते. त्या दोघांत मला निवड करायची असती तर मी थांबले असते. मात्र गाठ दुसऱ्या स्कॅनमध्ये स्पष्ट वाढलेली दिसली, नव्या गाठी आल्या, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स उतरू लागल्या किंवा एमआरआयचं चित्र विचित्र निघालं, तर मी सर्जनच्या बाजूला जाईन, आणि मग फार रेंगाळणारही नाही.

काढायचंच ठरलं तर ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी यांच्या लसी घेतलेल्या असाव्यात, कारण या जंतूंशी लढण्यात प्लीहेचा मोठा वाटा असतो. ऑपरेशननंतर प्लेटलेट्स वाढतात आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते, त्याकडे डॉक्टर लक्ष ठेवतील. त्यापुढे आयुष्यभर थंडी वाजून ताप आला तर घरी गोळी घेऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गाठ टोकाला असेल आणि सौम्य असल्याची बऱ्यापैकी खात्री असेल तर प्लीहेचा काही भाग वाचवता येतो. तो पर्याय आहे का, हेही सर्जनना विचारा.

थांबण्याच्या काळात पोटावर मार बसेल असे खेळ टाळावेत. आणि डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ, त्याबरोबर डाव्या खांद्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा घाम फुटणं असं काही झालं, तर पुढच्या स्कॅनच्या तारखेची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा आणि आत शिरताच सांगा की प्लीहेत गाठ आहे.